गाठ बिलात निघाली, छातीत तशीच राहिली

पुरुषांच्या वाढलेल्या छातीवरच्या, म्हणजे गायनेकोमास्टियावरच्या, उपचारांचा धंदा लाजेवर चालतो. ज्याला हा त्रास आहे तो घरी बोलत नाही, चारचौघांत शर्ट काढत नाही, ओळखीच्या डॉक्टरकडे तर मुळीच जात नाही. तो गुपचूप मोबाइलवर शोधतो. तिथे ‘टाके नाहीत, व्रण नाही, त्याच दिवशी घरी’ ही जाहिरात त्याची वाटच बघत असते. मीही नंबर दिला आणि त्यांचे फोन थांबेचनात.

क्लिनिकमध्ये भेट झाली ती ‘काउन्सेलर’ मॅडमशी. तपासणी न करता नुसत्या फोटोवरून त्यांनी ‘ग्रेड टू’, म्हणजे मध्यम वाढ, ठरवलं, पॅकेज सांगितलं, आणि ॲडव्हान्स आजच भरला तर सवलत, उद्या नाही, असंही सांगितलं. सर्जन उभ्याउभ्या येऊन गेले. कोणती औषधं घेता, जिममध्ये कसली इंजेक्शनं घेतली का, अंडकोषात गाठ लागते का, हे कुणीच विचारलं नाही. हे प्रश्न उगाच नसतात. स्पायरोनोलॅक्टोनसारखी रक्तदाबावरची औषधं, ॲनाबॉलिक स्टेरॉइड, यकृताचे किंवा थायरॉइडचे आजार, क्वचित अंडकोषाचा कर्करोग, एवढ्या कारणांनी छाती वाढू शकते. कारण तसंच राहिलं तर ऑपरेशननंतरही पुन्हा वाढायचा धोका असतो. वयात येणाऱ्या मुलांचं तर बहुतेकदा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप बसतं, पण आपोआप बसणाऱ्या गोष्टीचं पॅकेज विकता येत नाही ना!

आता मुद्द्याची गोष्ट. छातीच्या फुगवट्यात चरबी असते आणि बऱ्याचदा स्तनाची ग्रंथीही असते. चरबी नळीने ओढून काढतात, ते लायपोसक्शन. निपलच्या मागची ग्रंथी मात्र घट्ट, रबरासारखी असते आणि साध्या नळीने ती सहसा निघत नाही. निपलभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेला छोटी चीर देऊन ती कापून काढावी लागते. माझ्या सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना ग्रंथी स्पष्ट लिहिलेली होती. पॅकेजच्या कागदावरही ‘लायपोसक्शन’ आणि ‘ग्रंथी काढणे’ अशा दोन ओळी होत्या. पैसे दोन्हींचे घेतले. काही आधीच आणि उरलेले हप्त्यांवर, कर्जाचा फॉर्म त्यांच्याच टॅबवर भरून.

ऑपरेशननंतर प्रेशर व्हेस्ट घालून घरी आलो. ही व्हेस्ट चार ते सहा आठवडे घालावी लागते, काखेत काचते, झोपेत कूस बदलली की हुक टोचतात. त्याबद्दल तक्रार नाही, ते करावंच लागतं. पण सूज थोडी उतरल्यावर बोटाने दाबून पाहिलं, तर निपलमागे सुपारीएवढं टणक काहीतरी तिथंच. क्लिनिकचं उत्तर: सूज आहे, थांबा. नंतर: आतली जखम भरताना टणक लागतं. त्यानंतर: थोडी ग्रंथी मुद्दाम ठेवावीच लागते, नाहीतर निपल आत बसतं.

यातली मेख अशी, की तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सूज पूर्ण उतरायला महिने लागतात, आतला व्रण टणक लागतो, आणि चांगला सर्जन निपलखाली पातळ थर राखतोच. खोटं अशा खऱ्या गोष्टींच्या आड लपवलं की पेशंट गप्प बसतो आणि तक्रारीची वेळ टळत जाते. (एक गोष्ट मात्र दुर्लक्षू नका: ऑपरेशननंतर लगेच एकच बाजू झपाट्याने फुगली, ताणली, फार दुखू लागली, तर आत रक्त साचलेलं असू शकतं. तेव्हा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.)

मग मी लेखी अर्ज करून ऑपरेशनच्या नोंदी मागितल्या. बरीच टोलवाटोलवी झाल्यावर मिळाल्या. त्यात फक्त लायपोसक्शन. माझ्या अंगावरही बाजूला नळी घातल्याच्या बारीक खुणा, निपलजवळ चीर नाहीच. काढलेली ग्रंथी पॅथॉलॉजीला पाठवली असेल तर रिपोर्ट द्या म्हटलं, तर ‘आमच्याकडे पाठवत नाहीत’. मी बाहेर पुन्हा सोनोग्राफी केली. ग्रंथी जागच्या जागी, माप जवळपास आधीइतकंच. पातळ थर राखल्याची सबब तिथे संपली.

यावर त्यांनी ‘टच-अप’ देऊ केला, सर्जनची फी माफ, पण ऑपरेशन थिएटर आणि भूल यांचा खर्च माझा. भूल देण्याच्या थोडं आधी सही घेतलेल्या संमतीपत्रात ‘पुन्हा करावं लागल्यास खर्च वेगळा’ असं बारीक अक्षरात होतंच. कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन केला तर त्यांनी हात वर केले: उपचाराचा वाद क्लिनिकशी, हप्ता मात्र वेळेवर.

तुम्ही ठरवत असाल तर पैसे भरण्याआधी सर्जनच्याच सहीने लिहून घ्या: ग्रंथी कापून काढणार का, चीर कुठे, ऑपरेशन करणाऱ्याचं नाव काय, काढलेला भाग तपासायला जाणार का, ग्रंथी राहिली तर दुसऱ्या ऑपरेशनचा सगळा खर्च कुणाचा. जो हे लिहून द्यायला का-कू करतो, त्याच्याकडून उठा.

माझी ग्रंथी शेवटी दुसऱ्या सर्जनने काढली. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये दोन्ही तुकड्यांची मापं आहेत. तो रिपोर्ट, दोन्ही सोनोग्राफी आणि पहिलं बिल जोडून लेखी तक्रार दिली आहे. क्लिनिकचं उत्तर अजून आलेलं नाही. हप्ता दर महिन्याला कापला जातोय.