पोटरी फाटली: पलंग, पायऱ्या की सुई?

भातकापणी उरकली की गोव्यातल्या सत्तरी-पेडण्यात शेतांची मैदानं होतात. वर्षभर काउंटरमागे बसलेले पाय एकदम फुटबॉलमागे धावतात आणि मग कुणाच्या तरी पोटरीवर मागून दगड बसल्यासारखं होतं. वळून बघावं तर मागे कुणीच नाही. त्या रात्री घरात तीन मतं पडतात. आई म्हणते, तीन आठवडे पलंगावरून हलू नकोस. टीममधला म्हणतो, परवापासून पायरीपायरीने चालायला लाग. आणि शहाणा चुलतभाऊ म्हणतो, इंजेक्शन घेऊन मोकळा हो.

यातलं कुठलंही निवडा, दुरुस्तीचं काम स्नायूतल्याच काही पेशी करतात. १९६१ साली अलेक्झांडर माउरो यांना बेडकाच्या स्नायूत, तंतू आणि त्याचं बाहेरचं आवरण यांच्यामधल्या फटीत काही पेशी दिसल्या. त्या सॅटेलाइट पेशी, म्हणजेच स्नायूच्या मूळपेशी (स्टेम सेल). एरवी त्या निजलेल्या असतात. तंतू फाटला की जाग्या होतात, विभागतात, एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवतात. पण सगळ्याच कामी येत नाहीत. घरात सगळं भात कांडत नाहीत, बियाण्याचं वेगळं ठेवतात, तशा काही पेशी पुन्हा त्याच फटीत जाऊन निजतात, पुढच्या दुखापतीसाठी. २००५ साली एका तंतूबरोबर अवघ्या सातेक अशा पेशी उंदराच्या स्नायूत रुजवल्या, तर शंभरावर नवे तंतू उगवले. त्या पेशीच मारून टाकल्या तर स्नायू भरून येत नाही, हे २०११ मध्ये उंदरांतच दिसलं.

म्हणजे प्रश्न उरतो तो या पेशींना काम कशात सोपं जाईल एवढाच.

पलंगाच्या बाजूने सांगायचं तर पहिले दोन-तीन दिवस आईचंच खरं. तेव्हा मॅक्रोफेज नावाच्या पेशी तुटलेला कचरा उचलत असतात आणि जखमेची खपली अजून कच्ची असते. म्हणूनच या दिवसांत तेल लावून पोटरी चोळून घेऊ नका, आत पुन्हा रक्त सुटतं. पण आठवडाभर पडून राहिलं की पारडं फिरतं. स्नायू आटतो, आणि ताणच न मिळाल्याने नवे तंतू एका दिशेत न लागता वेडेवाकडे वाढतात.

पायऱ्यांच्या बाजूने डेन्मार्कमधली एक चाचणी आहे, २०१७ ची. मांडी किंवा पोटरी दुखावलेले ५० हौशी खेळाडू. काहींचे व्यायाम दोन दिवसांनी सुरू केले, काहींचे नऊ दिवसांनी. लवकर सुरू करणारे सुमारे ६२ दिवसांत खेळात परतले, दुसरे ८३ दिवसांत. फरक फक्त एका आठवड्याच्या उशिराचा, आणि त्याची किंमत तीन आठवडे! लवकर म्हणजे लगेच मैदानात मात्र नव्हे. आधी हलका ताण, मग दोन्ही पायांवर टाचा उचलणं, मग एका पायावर. दुखणं वाढलं तर एक पायरी मागे यायचं.

सुईबद्दल माझं मत कडक आहे. आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स टोचायच्या, तो पीआरपी. २०१४ साली नेदरलँड्समध्ये हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, दुखावलेल्या ८० खेळाडूंवर तो तपासला: काहींना पीआरपी, काहींना नुसतं मिठाचं पाणी. दोन्ही गटांना परतायला ४२ दिवसच लागले. आणि ‘स्टेम सेल’ असं म्हणून कुणी काही विकत असेल तर आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आठवा: रक्ताच्या आजारांतलं मूळपेशी-प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं मान्यताप्राप्त चाचणीपुरतंच. पोटरीत मूळपेशी आधीच आहेत, हो.

तेव्हा दोन दिवस आईचं ऐका, तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टकडे जा. टाच उचलून चवड्यावर उभंच राहता येत नसेल, किंवा फटका न बसताच पोटरी सुजून गरम झाली असेल, तर यातलं काहीच निवडत बसू नका. पहिलं स्नायू पूर्ण तुटल्याचं किंवा पोटरीला टाचेशी जोडणारा कंडरा तुटल्याचं लक्षण असू शकतं, दुसरं रक्ताच्या शिरेत गुठळी झाल्याचं. त्याच दिवशी गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, गाठा.