बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी भरले, त्यानंतरचा अनुभव

नागपूर जिल्ह्यात कळमेश्वर तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेत साडेअठरा अश्वशक्तीचा टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे. त्याचे मागचे टायर ८.००-१८ मापाचे, ट्यूबवाले आहेत. गेल्या पावसाळ्यापूर्वी त्यांत पाणी भरून घेतले आणि अंबिया बहाराची तोडणी आटोपून उन्हाळा लागेपर्यंत ट्रॅक्टर तसाच वापरला. चाके जागच्या जागी फिरतात म्हणून नवे टायर घेण्याच्या विचारात असलेल्यांनी आधी हा उपाय करून पाहावा, असे माझे मत आहे.

पाणी भरताना चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह अगदी वर आणतात. पाणी व्हॉल्व्हच्या पातळीला आले की टायर साधारण ७५ टक्के भरतो आणि उरलेल्या जागेत हवा राहते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि तेही थेट चाकात, त्यामुळे चाकाची पकड वाढते आणि धुऱ्यावर (ॲक्सलवर) वेगळा भार येत नाही. आपल्याकडच्या थंडीत पाणी गोठण्याची भीती नसल्याने त्यात क्षार मिसळण्याची गरज पडली नाही.

फरक मोजण्याची सोपी रीत आहे. टायरवर खडूने खूण करावी, कल्टिव्हेटर जमिनीत असताना चाकाच्या १० फेऱ्यांत जेवढे अंतर कापले जाते ते आखून घ्यावे आणि फणी उचलून तेच अंतर पुन्हा चालावे. मोकळ्या ट्रॅक्टरला साडेआठ ते नऊ फेऱ्या लागल्या तर घसरण १० ते १५ टक्के, म्हणजे ठीक. आमच्याकडे पूर्वी आठही फेऱ्या पुरत्या लागत नसत, आता नऊच्या जवळपास लागतात. रोटाव्हेटरला मात्र काही फरक जाणवला नाही, कारण त्याची पातीच फिरताना ट्रॅक्टरला पुढे ढकलतात.

हवेकडे मी आता अधिक काटेकोरपणे पाहतो. बागेत १२ पौंड ठेवतो. भरलेली ट्रॉली डांबरी रस्त्याने न्यायची असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपर्यंत वाढवतो, कारण कमी हवेवर ओझे घेऊन वेगाने गेल्यास टायरच्या बाजू तापतात आणि पुढे चिरतात. ट्रकच्या टायरसाठीचे गेज एवढ्या कमी दाबाला उपयोगाचे नाही. कमी दाबाचे वेगळे घ्यावे आणि व्हॉल्व्ह वर आणूनच मोजावे, नाहीतर आधी पाण्याची चिळकांडी उडते. मोजणी सकाळी, चाके थंड असताना करावी. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब जवळजवळ एक पौंडाने वाढतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात सकाळ-दुपारचा फरक त्याहून मोठा असतो.

ओल्या काळ्या मातीत मात्र टायरमधले पाणीही पुरे पडत नाही. वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर घातला तर चिकट माती टायरच्या पट्ट्यांमध्ये गच्च बसते, नक्षी दिसेनाशी होते आणि चाक गुळगुळीत रुळासारखे घसरू लागते. अशा वेळी डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारा खटका, लावून निघता येते, पण तो सरळ जातानाच लावावा आणि वळण्याआधी सोडावा. खरे तर त्या दिवशी बागेत जाऊच नये: संत्र्याची अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या थरात असतात आणि वजनदार चाकाने ओली जमीन दाबली की त्यांची हवा कोंडते.

तोटे दोन जाणवले. खडकाळ पांदणीवर धक्के जास्त बसतात, कारण पाणी हवेसारखे दबत नाही. दुसरा तोटा बाभळीच्या काट्याचा. पंक्चर झाले की आधी पाणी काढावे लागते, जड चाक उतरवायला दोघे लागतात आणि पंक्चरवाला जादा मजुरी घेतो. कुंपणाची छाटणी झाल्यावर काटेरी फांद्या ट्रॅक्टरच्या वाटेवरून त्याच दिवशी उचलायला लावल्यापासून हा त्रास बराच कमी झाला.

उन्हाळ्यात ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभा राहतो, म्हणून तो निंबाच्या सावलीत लावून टायरवर गोणपाट टाकतो. पाणी काढत नाही; मृगाच्या कामाआधी फक्त पातळी आणि हवा तपासतो.