क्रियापदामागचा छोटा शब्द: ‘इंग्लिश फ्रेझल व्हर्ब्ज इन यूज’

मराठी माध्यमातून शिकून नोकरीला लागलेल्या प्रौढांना मी संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकवते. काळ, वचन, प्रयोग ही मंडळी जिद्दीने आत्मसात करतात. अडतात ती फ्रेझल व्हर्ब्जपाशी, म्हणजे ‘अप’, ‘ऑफ’ असा छोटा शब्द मागे जोडला की अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांपाशी. ‘पुट’ म्हणजे ठेवणे हे पक्के ठाऊक असलेल्या माणसाला ‘दे पुट ऑफ द मीटिंग’ या वाक्यात बैठक पुढे ढकलली आहे, हे उमगावे तरी कसे? बाजारात मिळणाऱ्या अर्थांच्या याद्या पाठ करून हा प्रश्न सुटत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे. एका विद्यार्थिनीने यादीत ‘गिव्ह अप म्हणजे सोडणे’ एवढेच वाचले होते आणि सकाळी मुलाला शाळेत सोडले हे सांगण्यासाठी तिने वहीत लिहिले, ‘आय गेव्ह अप माय सन अ‍ॅट स्कूल.’ मराठीतले ‘सोडणे’ शाळेपर्यंत पोहोचवणे, नोकरी सोडणे आणि चहा सोडणे ही सगळी कामे करते. ‘गिव्ह अप’ त्यांतली शेवटची दोनच करते, हे यादी सांगत नाही.

या अनुभवानंतर मायकेल मॅकार्थी आणि फेलिसिटी ओडेल यांचे, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचे ‘इंग्लिश फ्रेझल व्हर्ब्ज इन यूज’ हे पुस्तक मी वर्गात वापरू लागले. माझ्याकडे २०१७ ची इंटरमीजिएट पातळीची दुसरी आवृत्ती आहे. एकूण ७० पाठ, प्रत्येक पाठ समोरासमोरच्या दोन पानांवर, डावीकडे स्पष्टीकरण व उजवीकडे स्वाध्याय, आणि उत्तरे शेवटी, अशी तिची साधी मांडणी आहे. या पुस्तकाचे खरे मोल मला त्यातील वाक्यांत वाटते. प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या मोठ्या संग्रहाचा आधार घेऊन ते लिहिलेले असल्यामुळे क्रियापद कोणत्या शब्दांच्या सोबतीने येते, हे वाचता वाचताच लक्षात येते.

शब्दक्रमाचा भाग मी सर्वांत सावकाश शिकवते. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ ही दोन्ही वाक्ये चालतात, परंतु पंख्याच्या जागी ‘इट’ आले की ‘टर्न इट ऑफ’ एवढेच बरोबर ठरते. उलट ‘लुक आफ्टर’ (सांभाळणे) कधीच फुटत नाही. ‘लुक आफ्टर हर’ असेच म्हणावे लागते. हे नियम ऐकून चेहरे गोंधळतात, तेव्हा मी फळ्यावर ‘खाऊन टाक’ असे लिहिते आणि यात काही फेकायचे आहे का, असे विचारते. ‘टाकणे’चा मूळ अर्थ मागे पडून तेथे फक्त काम पुरे करण्याची छटा उरली आहे, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. ‘ईट अप’मधला ‘अप’ हेच काम करतो, हे मग त्याला आपोआप पटते.

औपचारिक आणि बोलीतील भेदाकडेही पुस्तक लक्ष वेधते, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. कार्यालयातल्या लाल नळकांड्यावर ‘फायर एक्स्टिंग्विशर’ असे लिहिलेले असते, पण प्रत्यक्ष आग लागली की माणूस ‘पुट इट आऊट’ असेच ओरडतो. आपल्याकडे दलाचे नाव ‘अग्निशमन’ असले तरी आपण आग विझवतोच. क्रियापदांपासून बनलेली नामे तर आपल्या तोंडी आधीच रुळली आहेत. ‘एसटी ब्रेकडाऊन झाली’ म्हणणाऱ्याला ‘द बस ब्रोक डाऊन’पर्यंत नेण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.

दोन गोष्टी मात्र शिक्षकाने स्वतः भरून काढाव्या लागतात. पहिली म्हणजे, पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी असल्याने आपल्या इंग्रजीच्या सवयी त्यात येत नाहीत. खडकवासल्याच्या एनडीएतील ‘पासिंग आऊट परेड’ हा लष्करी प्रयोग ब्रिटनमध्येही प्रचलित आहे. परंतु नोकरीच्या अर्जात आपण सर्रास लिहितो ते ‘आय पास्ड आऊट इन २०१९’ हे वाक्य परदेशी वाचकाला ‘मी बेशुद्ध पडलो’ असे वाटू शकते. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ही प्रमाण इंग्रजीत नसतो; तेथे ‘कोप विथ’ पुरते.

दुसरी गोष्ट पाठांच्या क्रमाची आहे. सुरुवातीच्या भागातील काही पाठ एकेका क्रियापदावर आहेत, आणि ‘गेट’ची सारी रूपे एकाच बैठकीत समोर आली की ‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’ आणि ‘गेट अवे’ यांची सरमिसळ होते. म्हणून मी पहिले चार-पाच पाठ करून थेट काम, पैसा, नातेसंबंध अशा विषयांवरील पाठांकडे जाते आणि क्रियापदांकडे नंतर परतते. साधी वाक्येही अजून जुळवता न येणाऱ्यांनी हे पुस्तक इतक्यात घेऊ नये. ज्यांना हे सोपे जाईल, त्यांच्यासाठी अ‍ॅडव्हान्स्ड पातळीचे वेगळे पुस्तक आहे.

प्रत्येक पाठानंतर मी स्वतःच्या घरातले एक वाक्य लिहून आणायला सांगते. मुलाला शाळेत सोडणाऱ्या त्याच विद्यार्थिनीने मागच्या महिन्यात लिहून आणले, ‘माय मदर-इन-लॉ लुक्स आफ्टर माय सन, सो आय डिडन्ट गिव्ह अप माय जॉब.’