कारवान पिल्लू घेताना उंचीला भुलू नका, दोन कुत्र्यांनंतरचा माझा रिव्ह्यू

रिव्ह्यू जरा मोठा झालाय पण कारवान घ्यायचा विचार असेल तर पूर्ण वाचा, कारण मी एकदा फसलोय आणि त्यात पैशापेक्षा मुक्या जनावराचे हाल जास्त झाले.

मी बार्शी तालुक्यातला. सहा एकर रान, वस्ती गावापासून दीड किलोमीटर लांब, रात्री रानडुकरं येतात आणि हरभरा वर आला की काळवीटांचा कळप बांधावर उभाच. घरात लहानपणापासून कुत्री होती पण गावठी. कारवान पहिल्यांदा जवळून बघितला तो चुलत्याच्या मेव्हण्याकडं, लातूरला. बसलेला होता, उठला आणि नुसता चालत पाणी प्यायला गेला, तेवढ्यावरच डोक्यात बसला.

पहिलं पिल्लू २०२१ ला घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर मुधोळ हाउंडचं नाव घेतलं होतं आणि तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी मुधोळ आणि कारवान. (शिकारीमागं पळणारं कुत्रं, दोन्ही एकच हो, कर्नाटकात मुधोळ म्हणतात, आपल्याकडं कारवान नाहीतर कारवानी, कान-शेपटीला लांब केस असले तर पश्मी.) विकणाऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाठवले, बाप दाखवला, म्हणाला नर ३० इंच होणार, गॅरंटी, एवढा उंच तुम्हाला कुठं मिळणार नाही. मला वाटलं जेवढा उंच तेवढा भारी. १८ हजार दिले. आई दाखवा म्हटलं तर दुसऱ्या गावाला आहे म्हणाला आणि मी गप्प बसलो, ती माझी चूक.

सुलतान नाव ठेवलं. अकराव्या महिन्यात खांद्याला साडेतीस इंच आणि वजन ३४ किलो. लोक फोटो काढायचे. पण पळवला की कळायचं. मुरमाच्या रस्त्यावर तीनचारशे मीटर झकास जायचा, मग तोंड उघडून उभा, मार्चच्या उन्हात तर सकाळी नऊलाच सावली शोधायचा. पंजे पसरट, गाद्या मऊ, खडकाळ माळावरनं आला की एक तरी गादी फाटलेली. आणि मग पुढच्या डाव्या पायाला पंजाच्या वरचा सांधा सुजला तो कायमचाच, थंडीत अजून लंगडतो. डॉक्टर म्हणाले पायाच्या हाडाच्या मानानं अंगाचं ओझं जास्त झालंय, यात ग्रेहाउंड नाहीतर ग्रेट डेनचं रक्त असणार, नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही पण डोकं आणि छाती कारवानची नाही. विकणाऱ्याला फोन केला, दोनदा उचलला, मग नंबर ब्लॉक. सुलतान आजही आमच्यातच आहे, थोरल्या भावाच्या पोरांचा जीव आहे त्याच्यावर, त्याचा काही दोष नाही.

आता दुसऱ्या ब्रीडरबद्दल, ज्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. लातूरच्या पुढं एका वस्तीवर राहतात, वय सत्तरीच्या पुढं, आम्ही मामा म्हणतो. बोर्ड नाही, ऑनलाइन पेज नाही, ओळखीतनं पत्ता मिळाला. तीन माद्या आहेत, एका मादीची वर्षातनं एकच वीण घेतात, त्यामुळं नंबर लावून थांबावं लागतं, मी सात महिने थांबलो. पहिल्या भेटीत पिल्लाचं काही बोलणंच नाही, उलट त्यांनीच मला विचारलं, रान किती, कुंपण आहे का, दिवसा घरी कोण असतं, बांधून ठेवणार का मोकळा. बांधून ठेवणार म्हणालात तर मिळत नाही. मी सवयीनं विचारलं, मामा उंची किती भरंल? तर म्हणाले, "उंचीचं काय करतो बाबा, पळायचंय त्याला, झाडाचं आंबं थोडंच काढायचंत."

मग मला आई दाखवली, रुपी नावाची, फिक्या बदामी रंगाची. टेप मीच नेली होती, खांद्याला २५ इंच भरली. मामांनी तिला ज्वारीच्या पोत्यावर उभी केली आणि माझा हात धरून तिच्या अंगावरनं फिरवला, ते मी कधी विसरणार नाही. छाती आडवी रुंद नाही, खाली खोल, बरोबर कोपरापर्यंत आलेली, आणि तिथनं पोट एकदम वर ओढलेलं. कमरेच्या दोन हाडांमध्ये माझी चार बोटं आरामात बसली. मामा म्हणाले इथं चार बोटं नाही मावली तर मागच्या पायाला जोर कुठनं येणार. पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत जवळजवळ सरळ, पण कमरेवर हलकीशी कमान आणि तिथं हाताला मांस लागलं पाहिजे, नुसती हाडं नाही. मांड्या लांब, मागच्या पायाचा टाचेपासून खालचा भाग आखूड. पंजा लांबट, मधली दोन बोटं पुढं, गादी इतकी टणक की चपलेच्या तळव्यासारखी. मान लांब आणि डोकं अरुंद. कातडी अंगाला घट्ट बसलेली, कुठंही लोंबत नाही. तीन फासळ्या स्पष्ट दिसतात, आणि शहरातला माणूस बघितला तर म्हणंल उपाशी ठेवलंय, पण या कुत्र्याचं तेच बरोबर अंग आहे.

नंतर मोटारसायकलला लांब दोरीनं पोत्याचा तुकडा बांधून मामांच्या नातवानं वावराच्या कडंनं गाडी पळवली आणि रुपीला सोडली. हे कुत्रं पळताना एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरनं सुटतात, एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढंमागं पूर्ण ताणलेले असताना, आणि ताणताना पाठीचा कणा धनुष्यासारखा उघडतो. वाचलं होतं, पण डोळ्यानं बघितल्यावर अंगावर काटा आला. सुलतान असा कधीच पळाला नाही, तो नुसता जोरात धावायचा. आणि परत येताना रुपी दमलेली नव्हती, परत एकदा सोडा म्हणून दोरीकडं बघत होती.

घरी आल्यावर मी बराच विचार केला की उंच कुत्रं का मार खातं. उंची दोनतीन इंच वाढली की वजन त्याहून कितीतरी जास्त वेगानं वाढतं, पण उष्णता बाहेर टाकायला कातडी त्या मानानं वाढत नाही, म्हणजे मोठं अंग लवकर तापतं आणि उशिरा थंड होतं. आपल्या मराठवाडा-सोलापूरच्या माळावर चाळीस डिग्रीत तेच नडतं. वळताना जड अंगाचा सगळा भार पुढच्या सांध्यावर येतो, आणि काळवीट किंवा ससा सरळ पळतच नाही, सारखा वळतो. कारवान ज्यांच्या तांड्याबरोबर फिरला त्या लोकांना पोट भरणारं कुत्रं पाहिजे होतं, म्हणून शेकडो वर्षात हे मधलंच माप टिकलं, २५ ते २८ इंच, २० ते २७-२८ किलो. मामा सांगतात त्यांच्या आजोबांच्या काळात सशामागं एक सोडायचे आणि हरणामागं जोडी, एकट्याचं ते कामच नाही. बरोबरच आहे, मोकळ्या माळावर काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो, कोल्हापूर संस्थानात त्याच्यासाठी चित्ते पाळायचे.

इंग्लंडमध्ये ससा-हरणामागं पळवायला मुद्दाम संकर करायचे, त्याला लर्चर म्हणतात, ग्रेहाउंडला कोली नाहीतर टेरियर अशी दुसऱ्या जातीची कुत्री लावून. वेग ग्रेहाउंडचा आणि दम, डोकं, पायाचा टणकपणा दुसऱ्याचा. तिथल्या जुन्या जाणकारांचं पण हरणासाठी मत साधारण २६ ते २८ इंचाचंच, त्याच्या वर गेलं की झाडीत आणि वळणावर हळू, फार खाली गेलं की मोठं हरीण आवरत नाही. दोन देश, दोन वेगळी कुत्री आणि माप जवळपास एकच, मला हे फार आवडलं. पण ते लर्चरला लर्चर म्हणूनच विकतात. आपल्याकडं संकर करून वर शुद्ध कारवान म्हणून विकतात आणि जास्तीच्या दोन इंचाचे पाच हजार जास्त घेतात, याचा मला खरंच राग येतो, कारण अशानं अस्सल रक्तच संपेल. २००५ ला टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता, २०१६ ला मेरठला सैन्यानं ट्रेनिंगला घेतला, एवढं नाव झालेलं कुत्रं आणि आपणच त्याची भेसळ करतोय.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो कारण मला दोघांनी फोन करून विचारलं की हरणं हाकलायला सोडता येतो का. नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कुत्र्यानं पाठलाग करणं पण शिकारीतच धरलंय, मारलं नाही तरी, नुसता प्रयत्न केला तरी. ससा पण त्यातच येतो. इंग्लंड-वेल्समध्ये पण कुत्र्यानं हरणाची शिकार करणं २००५ पासून बंद आहे. आमचा हरभरा हरणं खातात, नुकसान होतं, मी वनखात्यात अर्ज करतो आणि कुत्रा त्या वेळेला कुंपणाच्या आत ठेवतो. पळायची हौस पोत्यामागं भागते. ज्याला शिकारीसाठीच घ्यायचाय त्याला मामा पिल्लू देत नाहीत, तोंडावर सांगतात.

आमचा खंड्या ५० दिवसांचा असताना आणला, पहिली लस झालेली, जंताचं औषध दिलेलं, तारखा वहीत लिहून दिल्या. १२ हजार घेतले. निघताना मामांच्या घरातल्या मामींनी आईच्या खालचं गोणपाट कापून तुकडा दिला, वास राहतो म्हणून पिल्लू रडत नाही, आणि खरंच पहिल्या रात्रीपासून त्याच्यावर झोपला. आता १४ महिन्यांचा आहे, साडेसव्वीस इंच, २३ किलो, उंची आता थांबलीय, छाती अजून भरंल. रोज सकाळी साडेपाचला माझ्या गाडीबरोबर दोन किलोमीटर, गादी एकदाही फाटली नाही. अनोळखी माणसाला हात लावू देत नाही, भुंकतो कमी, पण रात्री डुकराची चाहूल सगळ्यात आधी त्यालाच लागते.

घेणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच माहीत करून घ्या. साधा पट्टा चालत नाही, डोकं मानेएवढंच असल्यानं मागं सरकला की निसटतो, तीन बोटं रुंद पट्टा घ्या. छाती खोल असल्यानं जेवण झाल्या झाल्या पळवू नका, पोटात पीळ पडायची भीती असते, मी खायला घातल्यावर दोन तास सोडत नाही. आणि ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा की हे साइटहाउंड, म्हणजे नजरेनं शिकार धरणाऱ्या जातीचं आहे, अंगात चरबी फार कमी असते आणि यकृत ती औषधं हळू मोडतं म्हणून भुलीच्या काही जुन्या औषधांचा असर लवकर उतरत नाही. भाकरी-ताक, अंडी आणि आठवड्यातनं दोनदा कोंबडीचं उकडलेलं मटण, एवढ्यावर खंड्या मस्त आहे, गोळ्यांच्या खाण्याला तोंड लावत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी माझ्या मते घेऊ नये, मामा तर देणारच नाहीत.

मामांना पाचपैकी चार स्टार. एक कापला तो कागदांसाठी. केनेल क्लबची (कुत्र्यांच्या जातीची नोंद ठेवणारी संस्था) नोंदणी करून देतो म्हणाले होते, नातू बघतो ते, पण वर्ष झालं तरी हातात काही नाही. परवा फोन आला होता की मायक्रोचिप लावायला खंड्याला घेऊन या, डॉक्टर येणार आहेत. रविवारी जातोय, रुपीला पण भेटवतो त्याला, आणि कागद मिळाले की इथं अपडेट टाकतो.