दोन लिटरच्या हातपंपाने घरीच इंजिन-बे (बॉनेटखालची इंजिनची जागा) साफ करतोय, काही महिन्यांनंतरचा अनुभव (आणि त्या रबरी रिंगचा ताप)

मंडळी, पंपाबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं, पण मधे त्याने असा काही वैताग दिला की म्हटलं आधी याचा सोक्षमोक्ष लागू दे, मग लिहू. कुंड्यांवर फवारा मारायला वापरतात तोच हा पंप, वर दांडा, पुढे पितळी नोझल, साडेतीनशे रुपये.

घेतला कशासाठी ते आधी सांगतो. एका सर्व्हिसला सेंटरवाल्यांनी बॉनेटखाली प्रेशर वॉशरची धार मारली आणि बडोद्यातल्या अकोट्याच्या पुलापर्यंत येईस्तोवर गाडी झटके द्यायला लागली, चेक इंजिनचा दिवा पण पेटला. मेकॅनिकने कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारे भाग) उचलल्या तर प्लगच्या खोलगट जागेत पाणी साचलेलं. पेट्रोल गाडीत कॉइलच्या रबरी बुटावरच (टोकाच्या आवरणावरच) सगळी भिस्त असते, जोराच्या धारेपुढे ते रबर टिकत नाही, आत पाणी गेलं की ठिणगी प्लगच्या टोकाला पडायच्या ऐवजी वीज बाजूच्या धातूला उतरते आणि तो सिलिंडर गप्प. एवढं होऊनही पुढच्या बिलात ‘इंजिन ड्रेसिंग’ (इंजिनला चमक आणायचं काम) न विचारता लावलेलं! काउंटरवर उभं राहून ती ओळ काढायला लावली आणि ठरवलं की यापुढे बॉनेटखाली यांचा पाईप नको.

या कामाला पंपाचा फवारा अगदी बरोबर आहे. दांडा चार-सहा वेळा मारला की हवा भरते, नोझल फिरवून फवारा बारीक-मोठा करता येतो, पाणी जिथे हवं तिथेच पडतं आणि जोर इतकाच असतो की सैल झालेला चिकटा वाहून जावा. इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करायचं, तापलेल्या धातूवर डीग्रीझर (तेलकट चिकटा सोडवणारं केमिकल) लगेच वाळतो आणि ॲल्युमिनियमवर डाग धरतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल दहाच्या पान्याने काढायची, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, कॉइल आणि हवेच्या फिल्टरचं तोंड यांना प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधायच्या. मग याच पंपातून डीग्रीझर, दोन-तीन मिनिटं थांबून जुन्या पेंटिंग ब्रशने घासायचं, वाळायच्या आत पाण्याचा फवारा. कोणी सांगेल रॉकेल मारा, डिझेल मारा, अजिबात नको, रबरी होज फुगतात आणि आगीची भीती वेगळीच.

आमच्याकडे सोसायटीला बोअरचं पाणी, इतकं जड की वाळल्यावर काळ्या प्लास्टिकवर पांढरे ठिपके उरतात. म्हणून शेवटचा फवारा मी एसीच्या पाईपमधून पडणाऱ्या पाण्याचा मारतो. हवेतली वाफ थंड होऊन तयार झालेलं पाणी ते, त्यात क्षार नसल्यातच जमा. बडोद्याच्या उकाड्यात रात्रभरात जमतं तेवढं एका वेळेला पुरतं आणि फुकट. आरओचं टाकाऊ पाणी मात्र घेऊ नका, त्यात क्षार उलट जास्त असतात.

आता रिंग. पहिले काही महिने मी हा पंप भेटेल त्याला घे म्हणून सांगत होतो. मग एक दिवस दांडा अर्ध्यात अडकायला लागला, हवा धरेना, नोझलच्या मानेतून डीग्रीझर थेट मनगटावर. खोलून बघितलं तर दांड्याच्या टोकाची काळी रिंग भिजलेल्या साबुदाण्यासारखी फुगून आपल्या खाचेतून बाहेर आलेली, नखाने दाबली तर काळं बोटाला लागत होतं. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलंय ‘सर्व क्लीनिंग लिक्विडसाठी’. कंपनीला फोन केला तर म्हणे रिंग वेगळी मिळत नाही, पूर्ण पंप नवीन घ्या. अहो, टाकी चांगली, दांडा चांगला, पितळी नोझल तर उत्तम, आणि करंगळीएवढ्या रबरासाठी साडेतीनशे रुपये परत मोजायचे? फोटो पाठवले, परत फोन केले, तेच उत्तर. ही मला सरळसरळ लूट वाटते. जो माणूस वस्तू विकतो त्याने तिचं वॉशर विकलंच पाहिजे, आमच्याकडे कुकरची रिंग मिळते, स्टोव्हचं वॉशर मिळायचं, मग याचं का नाही? तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर एक स्टार दिला असता.

आमचे काका मकरपुरा जीआयडीसीत (इथल्या औद्योगिक वसाहतीत) नोकरी करून रिटायर झालेत, ते म्हणाले, “अरे ती रिंग घेऊन हायड्रॉलिक सीलवाल्याकडे जा की.” गेलो. दुकानदाराने रिंग हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं संत्र्याच्या वासाचं केमिकल वापरता का. आमचा डीग्रीझर सिट्रसवालाच! त्यातलं संत्र्याच्या सालीचं तेल साध्या रबराला फुगवतं. त्याने खाच मापून विटॉनची (अशा केमिकलला टिकणाऱ्या रबराची) तपकिरी रिंग दिली, वीस रुपये. बसवल्यापासून थेंब गळला नाही, दांडा लोण्यासारखा… नाही, नव्यापेक्षा हलका चालतो. तर आता माझं मत असं: पंप घ्या, पण घेतल्या दिवशीच रिंग बदला. आणि काम झालं की साधं पाणी भरून दोन मिनिटं फवारून, हवा सोडून ठेवा.

सगळ्यात मोठा फायदा मात्र चकाचक दिसण्याचा नाही. इंजिन स्वच्छ झालं म्हणून रेडिएटरच्या वरच्या होजच्या क्लॅम्पखाली हिरवट पापुद्रा दिसला, वाळलेल्या कूलंटचा. पुसला, आठवड्याने परत तिथेच. क्लॅम्प सैल पडला होता, तो बदलला आणि विषय मिटला. आधीच्या धुळीच्या थरात हे उन्हाळ्यात हायवेवर गाडी तापल्यावरच कळलं असतं.

पुढच्या काचेच्या खालच्या जाळीकडेही बघाच. उत्तरायणानंतर (संक्रांतीच्या पतंगांनंतर) तिथून मांज्याचा गुंता आणि कडुनिंबाची पानं निघाली. तिथलं पाणी जायचं भोक बुजलं की पावसात पाणी केबिनमध्ये उतरतं. चमक आणणारं सिलिकॉनचं तेल मी बंद केलं, धूळ धरतं, आणि बेल्टवर उडालं तर बेल्ट घसरतो.

एक गोष्ट कळकळीने. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या तशी वेळ आली तर हे सगळं विसरा. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारायचाच नाही, सिलिंडरमधलं पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा आणि टो करून न्या.

विटॉन रिंग घ्यायला जाताना जुनी रिंग न नेता दांडाच सोबत न्या, फुगलेल्या रिंगवरून माप चुकतं.