चार्जिंगचा टॉर्च की सेलचा?

रोज हाताशी लागणार असेल, तर मी बेलाशक चार्जिंगचा टॉर्च सुचवेन. त्यात बहुतेकदा ३.७ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी असते. उजेड भरपूर आणि सारखे सेल आणायची कटकट नाही. बॅटरी बाहेर काढता येते ना, एवढं मात्र घेतानाच बघा. आतच बसवलेली असली, तर ती थकल्यावर अख्खा टॉर्च बाद होतो.

सेलचा टॉर्च उजेडाला जरा कमी, पण वीज नसली तरी नवे सेल घातले की लगेच चालू. खोड एकच: अल्कलाइन सेल महिनोन्महिने आत राहिले की पाझरतात, स्प्रिंगवर पांढरी पूड धरते आणि करंट पोचत नाही. कपाटात ठेवायचा असेल, तर सेल काढूनच ठेवा. लुमेनच्या (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) मोठ्या आकड्यांना भुलू नका. घरात १०० लुमेनही पुष्कळ होतात.