स्वस्त चिनी १२५ सीसी मोटारसायकल: घरी सुधारावी, बोअर वाढवावा की गाडीच बदलावी?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात चिनी बनावटीच्या मोटारसायकली मोजक्याच दिसतात, मात्र ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांची तक्रार बहुधा सारखीच असते: चढावर गाडी ओढत नाही आणि हायवेवर ठरावीक वेगाच्या पुढे काटा सरकत नाही. या गाड्या दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात २०२२ पासून भारतात विकल्या गेलेल्या कीवे एसआर १२५ सारख्या, रीतसर नोंदणी झालेल्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या येतात. या गाडीची ताकद सुमारे ९.७ पीएस आणि टॉर्क ८.२ एनएम आहे. दुसऱ्या प्रकारात कार्बोरेटरच्या गाड्या आणि आयात केलेल्या छोट्या डर्ट बाइक येतात. त्यांचे इंजिन बहुतेक वेळा होंडाच्या १९७६ च्या सीजी १२५ वरून किंवा त्याहून जुन्या सुपर कबच्या आडव्या इंजिनावरून घेतलेले असते. नोंदणी नसलेली डर्ट बाइक सार्वजनिक रस्त्यावर आणताच येत नाही, त्यामुळे तिच्याबाबतचा निर्णय शेतापुरता आणि खासगी जागेपुरताच राहतो. बाकीच्यांपुढे मात्र चार वाटा आहेत: आहे तीच गाडी नीट करणे, स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) बदलणे, बाजारात मिळणारे कार्बोरेटर-फिल्टर-सायलेन्सर चढवणे किंवा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) वाढवणे. पाचवी वाट गाडी विकण्याची आहे आणि तिचाही विचार शेवटी करू.

या वाटांची तुलना करण्याआधी आपल्याला ओढ हवी आहे की वेग, हे स्पष्ट असले पाहिजे, कारण या दोन्हींचा खर्च सारखा नाही. हवेचा विरोध भेदण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ९० किलोमीटरला थकणारी गाडी १०० वर न्यायची, तर हवेपुरते पाहिले तरी सुमारे एक तृतीयांश ताकद जास्त लागते, आणि १२५ सीसीच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनातून घरच्या घरी एवढी ताकद काढणे जवळपास अशक्य आहे. याउलट वंटमुरीच्या किंवा तवंदीच्या घाटात मागे माणूस बसलेला असताना चौथा गिअर टिकून राहावा एवढीच अपेक्षा असेल, तर ती काही शे रुपयांतही पुरी होऊ शकते. माझ्या पाहण्यात बहुतेकांना हवी असते ओढ, पण पैसे मात्र ते वेगाच्या आशेने खर्च करतात.

पहिली वाट सर्वांत कंटाळवाणी असली तरी सर्वांत फायद्याची आहे. स्वस्त चिनी गाडीत इंजिनाचा आराखडा सहसा ठीक असतो, खर्च वाचवलेला असतो तो त्याच्या भोवतालच्या वस्तूंत: साखळी, चाकांची बेअरिंग, ब्रेक शू, टायर, प्लग आणि नटबोल्ट. साखळी असमान ताणली गेली, चाकाचे बेअरिंग कोरडे पडले किंवा मागचा ब्रेक किंचित घासत राहिला, की आधीच तुटपुंजी असलेली ताकद तिथेच जिरते. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून मागचे चाक हाताने फिरवावे. ते दोन-तीन फेऱ्याही न घेता थांबत असेल, तर कार्बोरेटरकडे वळण्याचे कारण नाही. चांगल्या भारतीय कंपनीची साखळी, बेअरिंग आणि टायर घातले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर पुस्तिकेप्रमाणे सेट केले, ओल्या क्लचला चालणारे जेएएसओ एमए दर्जाचे ऑइल भरले आणि मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासले, तरच गाडीची खरी ताकद किती हे कळते. कॉम्प्रेशन कमी भरत असेल, तर पुढच्या कोणत्याही सुधारणेवर पैसा घालण्याआधी व्हॉल्व्ह आणि रिंगा पाहाव्या लागतील. या गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांतले आटे लवकर जातात, तेव्हा पान्यावर जोर काढण्याची सवय असलेल्यांनी हात आवरता घ्यावा.

यानंतरची तुलना खऱ्या अर्थाने स्प्रॉकेट आणि बाकीच्या सगळ्या वस्तू यांच्यात आहे. समजा पुढे १५ आणि मागे ४२ दाते आहेत, म्हणजे गुणोत्तर २.८ झाले. पुढचा स्प्रॉकेट १४ दात्यांचा केला की ते ३.० होते आणि प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकाला सुमारे ७ टक्के जास्त ओढ मिळते. त्याची किंमत अशी की शेवटच्या गिअरमध्ये ज्या वेगाला इंजिन आधी ५,६०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फिरत होते, त्याच वेगाला ते आता ६,००० वर फिरेल. हायवेवर आवाज आणि कंप वाढतील आणि अ‍ॅव्हरेज थोडे घसरेल. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या बाजूला रोजची फेरी असणाऱ्याने हा सौदा डोळे झाकून करावा. बेळगावहून राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून निपाणी किंवा कोल्हापूरकडे ये-जा करणाऱ्याने मात्र तो करू नये, आणि उलट १६ दात्यांचाही मोह धरू नये, कारण दमछाक होणाऱ्या इंजिनाला लांब गिअर दिला की शेवटच्या गिअरमध्ये वेग वाढण्याऐवजी घटतो.

हे काम घरी होण्यासारखे आहे. डाव्या बाजूचे छोटे झाकण काढले की स्प्रॉकेट दिसतो. सीजी पद्धतीच्या इंजिनात तो एका पातळ खाचदार पट्टीने अडवलेला असतो. दोन बोल्ट काढून ती पट्टी थोडी फिरवली की खाचा जुळतात आणि स्प्रॉकेट बाहेर येतो. बोल्ट सैल करताना गाडी गिअरमध्ये टाकून कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून ठेवायला सांगावे. नवा स्प्रॉकेट बसल्यावर साखळी ढिली पडते, म्हणून मागचे चाक दोन्ही बाजूंच्या खुणा पाहून सारखे मागे घ्यावे आणि साखळीचा मधला भाग बोटाने वर-खाली केल्यावर साधारण २० ते ३० मिलिमीटर हालेल एवढीच ढील ठेवावी. पुढच्या चाकावरून चालणाऱ्या स्पीडोमीटरला या बदलाने काही होत नाही, परंतु गिअरबॉक्सवरून वेग मोजणाऱ्या गाडीत तो चुकीचा दाखवू लागतो, हे आधी पाहून घ्यावे.

आता बाजारातल्या वस्तूंकडे वळू. मोठा कार्बोरेटर, उघडा गोल फिल्टर, मोकळा सायलेन्सर आणि आरपीएमची मर्यादा नसलेला सीडीआय (प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असा संच ऑनलाइन सहज मिळतो आणि जाहिरातीत तो जादूचाच वाटतो. यातला सीडीआय सरळ बाजूला ठेवावा. इंजिन जिथे ताकद देणे थांबवते त्याच्याही पुढे त्याला फिरू देण्यात व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा झिजण्यापलीकडे हाती काही लागत नाही. सायलेन्सरबद्दलही फार बोलण्यासारखे नाही. आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की गाडी वाढल्यासारखी वाटते.

उघड्या फिल्टरचा प्रश्न मात्र आपल्या भागात अधिक गंभीर आहे. पश्चिमेला खानापूर-कणकुंबीकडे कोसळणारा पाऊस, पूर्वेला चिक्कोडी-अथणीकडची उन्हाळ्यातली धूळ आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रेलरांनी उडवलेला फुफाटा, या तिन्हींत मूळ फिल्टरची बंद पेटी हेच इंजिनाचे मोठे संरक्षण आहे. बारीक धूळ आत गेली की रिंगा आणि सिलिंडर घासले जातात आणि जी ताकद वाढवायची होती तीच काही महिन्यांत कमी होते. त्यापेक्षा मूळ पेटीत नवा, स्वच्छ फिल्टर घालणे चांगले.

कार्बोरेटर बदलण्यात अर्थ आहे, पण तो जुळवण्याची तयारी असेल तरच. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्के विरळ आहे. त्यामुळे इथे नेमका जुळवलेला जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) चोर्ला घाट उतरून गोव्यात गेल्यावर दाट हवेला अपुरे पेट्रोल देतो. अपुऱ्या पेट्रोलवर पूर्ण थ्रॉटल लांबवर ओढला, तर पिस्टन तापून जाम होऊ शकतो. त्यात आता पंपांवर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल त्याच जेटमधून मिश्रण आणखी पातळ करते. म्हणून मेन जेट किंचित मोठ्याच बाजूला ठेवावा. जुळणी तपासण्यासाठी मोकळ्या सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर जावे, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे, कडेला थांबून प्लग काढावा आणि त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, आणि पांढरा खरबरीत प्लग म्हणजे तत्काळ मोठा जेट. एवढे करूनही मिळणारा फायदा मुख्यतः वरच्या आरपीएमला असतो. खालून ओढ हवी असणाऱ्याला मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर बऱ्याचदा निराशच करतो, कारण कमी वेगाला त्यातून हवेचा प्रवाह मंदावतो आणि थ्रॉटल उघडताना गाडी अडखळते. ओढीच्या हिशेबात स्प्रॉकेट इथे सरळ सरस ठरतो.

इंजेक्शनच्या गाडीवाल्यांसाठी कार्बोरेटरचा वरचा परिच्छेद लागू नाही. भारत स्टेज ६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून आल्यावर नव्या गाड्यांत बहुतेक सर्वत्र इंजेक्शन आले. ते हवेचा दाब आणि सायलेन्सरमधला ऑक्सिजन पाहून पेट्रोल स्वतः कमी-जास्त करते, म्हणून चोर्ला उतरताना त्यांना चिंता नसते. मात्र सायलेन्सर-फिल्टर मोकळे केल्यास पूर्ण थ्रॉटलला ते साठवलेल्या आकड्यांवर चालते आणि तिथे मिश्रण पातळ राहण्याचा धोका उरतोच. इसीयूचे (इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकाचे) आकडे नीट बदलण्याची सोय आणि अनुभव हाताशी नसेल, तर इंजेक्शनच्या चिनी गाडीत पहिल्या दोन वाटांच्या पुढे जाऊ नये.

बोअर वाढवण्याची वाट सर्वांत आकर्षक आहे आणि तिचा हिशेब कागदावर मांडण्यासारखा आहे. सीजी पद्धतीच्या इंजिनात ५६.५ मिलिमीटर बोअर आणि ४९.५ स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) असतो, म्हणजे सुमारे १२४ सीसी. बोअर ६२ केला की सुमारे १४९ सीसी होते, म्हणजे २० टक्के वाढ. ओढीत ही वाढ जवळजवळ पूर्ण जाणवते. पण वर सांगितलेल्या घनाच्या नियमाने ९० चा वेग ९५-९६ च्या आसपासच पोहोचतो, तेही सगळे नीट जुळले तर. दुसरी गोष्ट कॉम्प्रेशनची आहे. मूळ ९:१ असलेल्या इंजिनावर तेच हेड ठेवून नुसता बोअर वाढवला, तर गुणोत्तर साधारण १०.६:१ पर्यंत जाऊ शकते. मे महिन्याच्या उन्हात, दोघे बसून चढ चढताना इंजिन ठोकू लागले तर पिस्टन फार दिवस टिकणार नाही. म्हणून किटमधल्या पिस्टनचा माथा पाहून घेणे आवश्यक आहे.

या कामात बेळगावकरांना एक सोय मात्र आहे. उद्यमबागेच्या फाउंड्री-मशीनशॉपमुळे बोअरिंग आणि होनिंग (भोकाचा आतला पृष्ठभाग घासून मापात आणणे) अचूक करणारे कारागीर जवळ आहेत. चांगला लेथवाला सिलिंडर हातात घेण्याआधी ‘पिस्टन आणलासा काय?’ असे विचारतो, कारण भोक पिस्टनच्या प्रत्यक्ष मापावरून मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत ठरवायचे असते, किटच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यावरून नव्हे. जो असे विचारत नाही, त्याच्याकडे सिलिंडर ठेवू नये. अनेकदा क्रँककेसचे (इंजिनाच्या खालच्या पेटीचे) तोंडही मोठे करावे लागते आणि त्यासाठी पूर्ण इंजिन उघडावे लागते, म्हणजे काम ‘घरी’ या शब्दाबाहेर जाते. शिवाय क्लच, ब्रेक आणि फ्रेम मूळ ताकदीच्या हिशेबानेच राहतात. क्लच घसरू लागला आणि पुढचा ड्रम ब्रेक अपुरा पडू लागला, की खर्चाची दुसरी फेरी सुरू होते.

कायद्याची बाजूही वाटेगणिक वेगळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि क्युबिक क्षमता हा त्या तपशिलांपैकीच एक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मोकळ्या सायलेन्सरला ध्वनी आणि धुराविषयीचे कलम १९०(२) स्वतंत्रपणे लागू होते. ८० ते १७५ सीसीच्या दुचाकींसाठी उत्पादनाच्या वेळची ध्वनिमर्यादा ७७ डेसिबल आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी वाढवलेल्या बोअरकडे बोट दाखवू शकते, हेही विसरू नये. कंपनीच्या दर्जाची साखळी, टायर, प्लग, बेअरिंग बदलण्यात हे प्रश्न उद्भवत नाहीत. रोज रस्त्यावर चालणाऱ्या नोंदणीकृत गाडीत बोअर वाढवण्याचा सल्ला मी म्हणूनच देणार नाही.

राहिली गाडी बदलण्याची वाट. ज्याला खरोखर हायवेवरचा वेग हवा आहे, त्याने किट, लेथ, क्लच आणि ब्रेक यांचा एकूण खर्च आधी मांडावा आणि त्यात चिनी गाडी विकून येणारी रक्कम मिळवून जुनी १५० किंवा १६० सीसीची भारतीय बनावटीची गाडी येते का ते पाहावे. सुटे भाग गल्लीतल्या दुकानात मिळणे हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. चिनी गाडीचा साधा लीव्हर किंवा इंडिकेटरही बाहेरून मागवावा लागतो आणि तोवर गाडी उभी राहते. सुधारणा केलेली चिनी गाडी विकायला काढली तर त्या सुधारणांचे पैसे कुणी देत नाही, उलट भाव पाडून मागतात, म्हणून विकायचीच असेल तर ती मूळ रूपात विकावी.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर जुनी गाडी घेताना कागदांकडे जास्त लक्ष द्यावे लागते. निपाणी, संकेश्वर, चंदगड या बाजूला एमएच ०९ (कोल्हापूर) च्या गाड्या स्वस्तात सांगितल्या जातात. त्या केए २२ (बेळगाव) किंवा केए २३ (चिक्कोडी) च्या हद्दीत कायमच्या वापरायच्या, तर मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वरची ना-हरकत, हस्तांतराचे फॉर्म २९ व ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ आणि कर्नाटकचा रस्ता कर या सगळ्यांचा हिशेब ठरलेल्या किमतीत धरला पाहिजे. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून अधिक ठेवली तर नव्या नंबराची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. ना-हरकत हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये, आणि इंजिन व चॅसिसचे क्रमांक नोंदणीपत्राशी जुळतात का हे व्यवहाराआधी गाडीजवळ उभे राहून स्वतः वाचून पाहावे.